दोन छोट्या, एक लांब

प्रिय शिट्टी,

या नावानं हाक मारलेली तुला आवडत नाही, ठाऊक आहे. तुझे बाबा, आपले खेळाचे सर, शाळेच्या मैदानातून तुझ्यासाठी वेगळी शिट्टी वाजवायचे आणि तू हातातलं टाकून घराकडून धावत सुटायचीस, त्यावरून सगळ्या गल्लीनं पाडलेलं हे नाव. पण पाकिटावर तुझं खरं नाव नीट घातलंय, तेवढ्यावर भागव. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता काकूंच्या हातून लिहून घेतला. तेव्हा फसवणूक झाली असं वाटलं तर निम्मा राग तुझ्या आईवर काढ. फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. मीही करायचं सोडलंय. भांडायचंसुद्धा त्राण उरलेलं नाही गं, आणि हे माझ्या तोंडून ऐकून तुला हसू येत असेल तर येऊ दे. ज्याला तू ‘फ्यूज’ म्हणायचीस तो आता कुणी धक्का मारून गेलं तरी फक्त बाजूला सरकतो.

माझं म्हणशील तर कॉलेज सोडल्यावर जे दुकान धरलं तिथंच आहे. छंद म्हणून सर्किटं करणाऱ्यांना सुटे भाग विकायचे, आणि त्यांचं चाललं नाही की ते का चालत नाही हेही सांगायचं. पहिलं काम पगाराचं, दुसरं फुकटचं. शाळेतली पोरं येतात आणि ‘काका, सेन्सर आपोआपच चालू होतो’ म्हणतात. काका! माझ्या मिश्या अजून धड जमलेल्या नाहीत. सुरुवातीला एकदोघांवर खेकसलो, तेव्हा मालक म्हणाले, ‘तुझं डोकं तेवढं घरी ठेवून येत जा, हात इथं लागतात.’ दिवसभर उभं राहून पायाचे तुकडे पडतात. आठवण येते तुझी, पण तीही अशी दमून-भागून येते आणि कोपऱ्यात बसून राहते. पूर्वीसारखी दंगा करत नाही.

तुमच्या घरी मी पुन्हा जायला लागलो ते सरांना बघायला, असं मी काकूंना सांगितलं. तुला खरं सांगतो. दारामागच्या खुंटीला तुझी जुनी निळी छत्री अजून लटकलेली आहे, ती बघायला गेलो होतो. पण आत गेलो आणि सर दिसले. ज्या माणसाच्या एका फुंकरीसरशी पाचशे पोरं जागच्या जागी थिजायची, तो माणूस पलंगावर आडवा, उजवा हात उशीसारखा बाजूला ठेवलेला, तोंडातून एक शब्द नाही. अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू धावत आली होतीस, त्यामुळे हे सगळं तू पाहिलंच आहेस. तू गेल्यानंतरचं मात्र तुला माहीत नाही. काकू मागच्या अंगणात कपडे धूत होत्या आणि सर पलंगावरून खाली पडले. हाक मारता येईना. काकू पिळे वाळत घालून आत येईपर्यंत ते तसेच जमिनीवर. लागलं फारसं नाही, पण काकूंनी धसका घेतला. मला म्हणाल्या, ‘तू ते वायरींचं काहीतरी करतोस ना रे? ह्यांना हाक मारता येईल असं काहीतरी वाजणारं करून दे. नाहीतर मी आंघोळीला तरी कशी जाऊ?’

मी म्हटलं, काकू, अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझी ही खोड तुला पाठ आहे. दुकानातून एक रिसीव्हर आणला. तुझा लाडका, तीन पायांचा काळा मुंगळा. काकूंना समजावून सांगितलं की रिमोटचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण ह्या मुंगळ्याला दिसतो. तो दिसला की स्वयंपाकघरात बझर वाजेल. टीव्हीचा जुना रिमोट सरांच्या डाव्या हातात द्यायचा. कुठलंही बटण चालेल, अंगठा कुठंही पडो. जेवढा वेळ दाबून धरतील तेवढा वेळ वाजेल. पलंगाची डावी बाजू भिंतीला चिकटलेली, म्हणून मुंगळा बसवलेली डबी उजवीकडच्या फळीवर ठेवली, तू बसायचीस त्या खुर्चीच्या अगदी वर. सरांना दाखवलं, सर, हे दाबायचं, ते तिकडं वाजेल. ते भिंतीकडे बघत राहिले. काकू हळूच म्हणाल्या, ‘सोड. रुसलेत ते. पोरगी आली होती तिच्याकडेसुद्धा बघितलं नाही, तुझ्याकडे काय बघणार?’

पण बझर वाजला! त्याच संध्याकाळी वाजला. काकू पदराला हात पुसत धावल्या. पाणी हवंय का? कूस बदलायचीय का? सर गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग दिवसातून कितीतरी वेळा. काकूंच्या गुडघ्यांची अवस्था तुला माहीतच आहे. मी दुकानातून जाता-येता विचारायचो, चालतंय ना? आणि त्या म्हणायच्या, ‘चालतंय की. पण गेलं की काही सांगत नाहीत रे. नुसतंच बोलावतात.’ हे म्हणताना वैतागायला हवं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं. नुसतं बोलावतात, हेच त्यांना आवडायला लागलं होतं.

मला मात्र संशय आला. हे ‘नुसतंच वाजणं’ माझ्या ओळखीचं होतं. आठव आपल्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. दारातून किती माणसं गेली ते मोजणारं आपलं यंत्र, आणि हॉलमध्ये कुणी हललंसुद्धा नसताना आकडा आपला चढतोय वरवर. तो परीक्षक खुर्चीत रेलून म्हणाला, ‘काय, भुतं मोजताय का?’ आणि सगळा वर्ग हसला. पुढचं मी सांगायला नको. टेबलावर मूठ आपटून मी जो बाहेर पडलो तो पडलोच. तू मागं राहून वायरी गोळा केल्यास आणि उरलेल्या प्रश्नांची उत्तरं दिलीस, याचा मला किती राग होता! आजही तो परीक्षक हलकटच होता असं माझं मत आहे, ते बदलणार नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची राहून गेलीय. तुला वाटायचं, तुझा डाग कच्चा बसला म्हणून ते झालं. नाही. तुझं सोल्डरिंग चोख होतं. हॉलमधल्या ट्यूबलाइटी त्या नव्या चोकमुळे इतक्या भरभर लुकलुकतात की मुंगळ्याला तो रिमोटच वाटतो. तेव्हा आपल्याला कळलं नाही. आता मी ते पोरांना रोज फुकट सांगतो.

तर रविवारी सगळं उघडून बसलो. पहिल्यांदा मुंगळ्याच्या बाहेर जाणाऱ्या पायाशी एक बारीक लाल दिवा जोडला, म्हणजे त्याला काहीही ‘दिसलं’ की दिवा लुकलुकेल आणि मला कळेल. मग एकेक चोर धरायला लागलो. मोबाइलच्या स्वस्तातल्या अडॅप्टरमधून वीज येत होती, ती गढूळ. ती गाळायला कपॅसिटर लावलेला होता, पण वायरीच्या दुसऱ्या टोकाला, वीतभर लांब. माठ स्वच्छ आणि पेला घाण, तसलं. तो काढून मुंगळ्याच्या पायाशीच बसवला आणि अलीकडे एक छोटा रेझिस्टर घातला. फरक पडला. मग कळलं की बझर स्वतःच स्वतःला वाजवतोय. वाजताना तो एवढी वीज ओढायचा की मुंगळ्याला धाप लागायची, तो काहीतरी बरळायचा, आणि बझर पुन्हा वाजायचा. आपल्या दोघांच्या भांडणांसारखं. कशावरून सुरू झालं ते कुणालाच आठवायचं नाही, वाजलं म्हणून वाजायचं. दोघांच्या वायरी वेगळ्या केल्या. (हसू नकोस.) मग ट्यूबलाइट. पेनाचं काळं टोपण कापून त्याची नळी मुंगळ्याच्या डोळ्यावर चढवली, म्हणजे त्यानं फक्त समोर बघावं, इकडं तिकडं नाही. प्रत्येक वेळी वाजणं थोडं थोडं कमी होत गेलं. पण दुपारचं वाजणं काही जाईना.

काकू म्हणाल्या, ‘ते राहू दे. तेवढं खरं आहे.’ मी विचारलं, कशावरून? तर म्हणाल्या, ‘अरे, दुपारची शाळा सुटायच्या आधी मैदानाच्या फाटकाशी येऊन आम्ही दोघं चहा घ्यायचो. मी थर्मास घेऊन जायची. तीच वेळ आहे ही.’ आणि त्या खरंच बझर वाजला की दोन कप घेऊन जायच्या, त्या खुर्चीत बसायच्या, आपला पिऊन झाला की सरांना चमच्यानं पाजायच्या आणि शेजारपाजारचं सांगत राहायच्या. सर भिंतीकडे बघत.

एका दुपारी मालकांची परवानगी काढून मी मुद्दाम गेलो. पायथ्याच्या खिडकीतून ऊन सरकत आलं, फळीवर चढलं, नेमकं त्या नळीच्या तोंडात शिरलं, आणि लाल दिवा लुकलुकला. मी पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरला. दिवा गप्प. पुठ्ठा काढला, लुकलुक. दोनदा, तीनदा करून पाहिलं. काकू दारात कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, ‘म्हणजे ते नव्हतेच?’ मी म्हटलं, नाही काकू, ऊन होतं. त्यांनी एक कप मला दिला. ‘घे, निवेल,’ म्हणाल्या.

पुठ्ठा लावल्यावर बझर पूर्ण बंद झाला. इतकी खटपट करून मी नेमकं हेच तर करायला बसलो होतो! आणि ते झाल्यावर घर असं गप्प झालं की मला तिथं बसवेना. सगळा कचरा काढून टाकला आणि खाली काहीच निघालं नाही. सरांनी एकदाही बटण दाबलेलं नव्हतं. काकू आता बझरकडे बघतही नव्हत्या. मला तर वाटलं, डबी उचलून न्यावी आणि पुन्हा ह्या घराची पायरी चढू नये. छत्रीसाठीसुद्धा नाही.

त्यात तो पुठ्ठाही धड राहीना, पंख्याच्या वाऱ्यानं सारखा पडायचा. शेवटी चिडून (थोडा राग शिल्लक आहे अजून) डबी फळीवरून काढली आणि पलंगावरून हात लांबवून पलीकडच्या भिंतीवर खिळ्याला टांगली. सरांच्या डाव्या अंगाला. तिथं ऊन पोचत नाही, एवढाच विचार. नेहमीसारखं तपासायला माझ्या खिशातला रिमोट दाबला. लाल दिवा लुकलुकला, आणि सरांचे डोळे हलले. त्या दिव्यावर येऊन थांबले. मी पुन्हा दाबला. ते बघतायत. असं टक लावून, जसं शर्यतीच्या शेवटच्या दोरीकडे बघावं. मग त्यांचा डावा अंगठा रिमोटवर चाचपडायला लागला. दिवा लागला. माझा रिमोट खिशात होता, गं. स्वयंपाकघरात बझर वाजला आणि काकू आल्या नाहीत. मी ओरडलो, काकू! आतून आवाज आला, ‘ऊन आलं असेल.’ मी म्हटलं, काकू, ऊन इथं येत नाही!

त्या आल्या. सरांनी त्यांच्यासमोर पुन्हा दाबून दाखवलं. तेव्हा आम्ही दोघांनी काय केलं ते लिहीत नाही.

पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. फळीवर असताना हाच दिवा रोज दुपारी लुकलुकायचा, तेव्हा का नाही बघितलं? मुंगळा कुठल्या कोनापर्यंत बघतो ते तपासायला आपण रिमोट हातात घेऊन अर्धगोल फिरायचो, तसंच केलं, फक्त उलट. डबी खिळ्यावरून काढली आणि दिवा लुकलुकवत हळूहळू भिंतीकडून खुर्चीकडे आणली. सरांचे डोळे तिच्याबरोबर आले, नाकाच्या रेषेपर्यंत आले, आणि तिथं सुटले. पुढं नाहीच. परत मागं नेली, पुन्हा सापडली. काकूंना विचारलं, जेवणाचं ताट कसं उरतं? त्या चमकल्या. ‘अर्धं उरतं. एका बाजूचं खातात, दुसऱ्या बाजूला शिवत नाहीत. मला वाटायचं, नखरे.’ उजव्या बाजूचं उरतं. नेहमी उजव्याच.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात, त्यांना सांगितलं. त्यांनी डोळ्यांसमोर बोटं नाचवून पाहिली आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे. उजवीकडचं दिसत नाहीये त्यांना. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय ना, मानही त्यामुळेच डावीकडे वळते. डॉक्टर बोलले असतील, पण त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहतं? डाव्या बाजूनं बोलत जा त्यांच्याशी.’ इतकं साधं. त्या पिशवी उचलून पुढच्या घरी गेल्यासुद्धा.

आता कळलं ना तुला मी काय सांगतोय ते? तू आठवडाभर त्या खुर्चीत बसलीस. उजवीकडे, कारण दुसरीकडे भिंत होती. त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन बसलीस, ज्याला काही कळत नाही. जाताना काकूंना म्हणालीस, ‘बाबांना मी डोळ्यांसमोर नकोय.’ आणि नोकरीसाठी घर सोडताना त्यांनी तुला जे ऐकवलं होतं, ‘जातेस तर मागं वळून बघू नकोस’, ते तू खरं धरलंस. अगं, ते वाक्य ते धावणाऱ्या प्रत्येक पोराला सांगायचे. मलासुद्धा सांगितलं होतं, मी शेवटून दुसरा येत असताना. पण ते जाऊ दे, त्यांच्या मनात काय होतं हे सांगणारा मी कोण? मला फक्त एवढं ठाऊक आहे की तू त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतीसच. एकदाही नाही.

आम्ही पलंग भिंतीपासून ओढला. खुर्ची पलीकडे नेली. काकू पहिल्यांदा तिथं बसल्या तेव्हा सर त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिले की काकूंनी आपोआप केस सारखे केले आणि मला म्हणाल्या, ‘तू जा रे जरा, दुकान नाही का तुला?’

आणि आता, पत्र का लिहिलं ते. पाणी हवं असलं की सर एकदा दाबतात, तेवढं बसलंय आता. पण गेल्या आठवड्यापासून बझर वेगळाच वाजायला लागला. दोनदा तुटक, मग एकदा लांब. थांबून पुन्हा तसाच. मला वाटलं, नवा काहीतरी कचरा शिरला. स्क्रूड्रायव्हर घेऊन डबी उघडायला बसलो, तर काकू साबणाच्या हातांनी बाहेर आल्या आणि माझं मनगट धरलं. ‘उघडू नकोस. तो बिघाड नाही. ही तिची शिट्टी आहे.’ दोन छोट्या, एक लांब. मी गल्लीतच वाढलेला, मलाच कशी ओळखू आली नाही! सर रोज वाजवतात. काकू जवळ बसून सांगतात, ‘ती नाहीये हो इथं, लांब असते.’ ते ऐकून घेतात आणि पुन्हा दाबतात. फोनवर बाबांचं नाव निघालं की तू विषय तोडतेस, म्हणून काकू म्हणाल्या, तूच लिही. तर लिहिलं. माझ्यासाठी येऊ नकोस. तू येशील त्या दिवशी मी दुकानात असेन आणि दिवसभर पोरांचा काका होऊन राहीन, हवं तर निळी छत्रीही घेऊन जा. पण ये. दारातून हाक मारू नकोस, त्यांना कुठून ते समजत नाही. सरळ आत जा, पलंगाला वळसा घाल आणि डाव्या हाताशी बस. खुर्ची तिथंच आहे. आणि कुणी म्हणालं की यंत्राचा काय भरवसा, तर मी तपासलंय, पुन्हा पुन्हा तपासलंय. ते आता आपोआप वाजत नाही.

तुला नको असलो तरी तुझाच,
फ्यूज